ती सांगेल तेच लिहायचं

"म्हणजे ढ पोरांची शाळा का?"

मी काय काम करते ते सांगितलं की समोरचं माणूस हेच विचारतं. लग्नाच्या पंगतीत विचारतात, बसमध्ये विचारतात. एकदा तर दाताच्या डॉक्टरनं विचारलं, आणि माझं तोंड त्याच्या ताब्यात होतं म्हणून तो वाचला. आता मी निवृत्त झालेय, तोंड मोकळं आहे, तेव्हा एकदाचं सांगून टाकते. ढ पोरं जगात असतीलही. माझ्याकडं आली ती वेगळी होती. कुणाला अक्षरं जागेवर उभी दिसायची नाहीत. कुणी देवणीकडचं, घरात सगळे कानडी बोलणारे, शाळेत पुस्तकी मराठी, आणि मास्तर म्हणणार याला काहीच कळत नाही. कुणाला लहानपणी एवढा मार पडलेला की वही उघडली तरी पोटात कळ यायची. आणि बरीचशी अशी, की ज्यांना शाळेनं नालायक ठरवलं होतं आणि घरच्यांनी शाळेचं खरं मानलं होतं.

आमचं अभ्यासकेंद्र नांदेडला एका लाकडाच्या वखारीच्या माडीवर. दोन खोल्या, एक गच्ची, आणि खाली करवत. करवत सुरू झाली की शिकवणं बंद, गप्पा सुरू. त्या गप्पांत पोरं वर्गापेक्षा जास्त शिकायची, पण हे संस्थेच्या मीटिंगमध्ये सांगायची सोय नव्हती.

मी मूळची उमरीची. वडील रेल्वेत गँगमन होते. आमच्या वस्तीत पोरांना शिकवायचं म्हणजे शिकवायचंच, त्यावर चर्चा नसायची. त्यामुळं शाळेत पोरगं टिकत नाही म्हणून त्याला घरी बसवणारा बाप बघितला की माझं डोकं फिरतं. तरुणपणी मी अशा बापांशी भांडायचे. पुढं वय झालं आणि त्यांना आधी चहा द्यायला शिकले. भांडायचे चहा संपल्यावर.

आता आमच्या धंद्याची थोडी भाषा समजून घ्या. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचं तर बोर्डाचा सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. आमच्या भागात त्याला नुसतं 'सतरा नंबर' म्हणतात, आणि म्हणताना आवाज आपोआप खाली जातो. पूर्वी हा फॉर्म शाळा सुटलेल्या बायका, कामाला जाणारी मुलं असे लोक भरायचे. एक बाई तर नवऱ्यालाच घेऊन आली होती. नवरा सिटी बसवर, दहावी झाला तर बढती मिळणार होती. त्याची पिशवी स्वतःच्या काखेत धरून ती म्हणाली, "मॅडम, ह्यांच्यावर लक्ष ठेवा. हे मागं जाऊन बसतेत." बसायचाच तो. पण पास झाला.

हल्ली मात्र सतरा नंबर भरतात ती चांगली शाळेत जाणारी पोरं. शाळेला दारावर 'निकाल शंभर टक्के' असा फलक लावायचा असतो. मग नववीतच चाळणी लावतात. जो फलकाच्या आड येईल त्याच्या आईबापाला बोलावतात, खुर्ची देतात, चहा पाजतात आणि सांगतात, याचा दाखला काढून घ्या, बाहेरून बसवा, त्याच्याच भल्याचं आहे. आईबाप उलट आभार मानून घरी जातात.

लातूरला आमचं दुसरं केंद्र होतं. आठवड्यातून दोन दिवस मी तिकडं जायचे. तिथल्या निम्म्या पोरांच्या आईबापांनी हा चहा प्यायलेला होता, आणि बऱ्याच जणांना तो पाजला होता एकाच माणसानं. त्यांना मी पाठक सर म्हणते. नावाजलेल्या शाळेतले गणिताचे मास्तर, आवाज गोड, समजावून सांगण्यात पटाईत. त्यांचं नाव मी इतक्यांदा ऐकलं होतं की माणूस न बघताच मला त्याचा राग यायचा.

आणि एके दिवशी हे पाठक सर स्वतः नांदेडला आमच्या वखारीचा जिना चढून वर आले. मागं सतरा वर्षांची मुलगी, खांद्याला सॅक, मान खाली.

"कांबळे मॅडम, ही माझी केतकी," ते म्हणाले. "हिला तुमच्याकडं बसवायचं होतं. दहावीला."

"लातूरला आमचं केंद्र आहे की सर. तुम्हाला जवळ पडेल."

"लातूरला नको. तिथं सगळे ओळखतेत. इथं माझी बहीण राहते, तिच्याकडं ठेवतो."

"शाळेनं काढलं?"

सर खिडकीबाहेर बघायला लागले. "मीच काढलं. नववीत होती तेव्हा. हेडमास्तर म्हणाले, सर, आपल्या घरापासून सुरुवात करा, म्हणजे बाकीचे पालक काही बोलणार न्हाईत."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. खोटं कशाला बोलू, क्षणभर मला बरं वाटलं. मग त्या पोरीकडं बघितलं आणि बरं वाटायचं थांबलं. बापानं तिला शाळेतून काढलं, घरी स्वतः शिकवलं, सतरा नंबर भरून बसवलं आणि ती नापास झाली. तिच्या बरोबरीच्या मुली अकरावीला गेल्या. मग सरांनी गल्लीत सांगून टाकलं की केतकीला नांदेडला अकरावीला घातलंय. म्हणजे पोरगी आता पास होईपर्यंत लातूरला तोंड दाखवू शकत नव्हती. दिवाळीलासुद्धा नाही. कुणी अभ्यासाचं विचारलं तर काय सांगणार?

"चांगले मार्क पडले की घेऊन जातो," सर म्हणाले.

केतकी पहिल्यांदा बोलली. "चांगले म्हणजे किती, बाबा?"

सर घड्याळ बघून निघाले. बापाला खाली रिक्षात बसवून मी वर आले तेव्हा ती अजून सॅक खांद्यालाच लावून उभी होती. मी विचारलं, तुला काय पाहिजे गं? डॉक्टर, इंजिनिअर, काय व्हायचंय? ती म्हणाली, "मला घरी जायचंय, मॅडम." तिच्या दहावीत दुसरं काही गुंतलेलं नव्हतं.

आमच्याकडं पहिला महिना कुणाला वाचून दाखवायला सांगत नाहीत. वर्गात उभं राहून वाचता न येण्याची लाज ज्यानं सोसलीय त्याला परत उभं करणं म्हणजे जखमेवर मीठ. आधी नुसतं बोलायचं. गणित आणि विज्ञान शिकवायला आमचे फारूक सर होते, तंत्रनिकेतनाच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, हातात कायम पाना किंवा चहाचा कप. त्यांनी आठवडाभरात मला बाजूला बोलावलं.

"बाई, ह्या पोरीचे कान बघा. मी मागच्या सोमवारी काय बोललो ते आज शब्दाला शब्द सांगून राहिली. लिवायला लावलं की मात्र पेन असं धरती, जसा विंचू धरलाय."

खरंच होतं. एकदा ऐकलेला धडा ती सांगू शकायची, मधे शंकाही विचारायची. कागदावर मात्र ओळ सुरू व्हायची एकीकडं आणि संपायची भलतीकडं. स्वतःनं लिहिलेलं तिला स्वतःला वाचता यायचं नाही, छापलेलंही धड नाही. आणि गणिताच्या मास्तरांनी घरी दोन वर्षं तिला काय करायला लावलं होतं? रोज शुद्धलेखन. पालथ्या घड्यावर पाणी, आणि घडा रडतोय तरी ओतणं चालूच.

याला अध्ययन अक्षमता म्हणतात. त्याचं सरकारी दवाखान्यातून प्रमाणपत्र मिळतं, आणि ते असलं की बोर्ड परीक्षेत जादा वेळ देतं, लेखनिक देतं. मी पाठक सरांना फोन केला. ते घाबरले.

"त्याच्यावर अपंग लिहितेत का, मॅडम? उद्या हिची सोयरीक बघायची तर..."

फारूक सरांनी माझ्या हातातून फोन घेतला. "सर, सोयरिकीला लोकं दहावीचा कागद बी बघतेत. त्यो कुठून आणणार तुम्ही? हा आणा, मग त्यो येतो." सर आले आणि सही केली. त्यानंतर दवाखान्याच्या ज्या चकरा झाल्या त्या मीच मारल्या, आणि तिथल्या कारकुनाला मी काय काय बोलले ते इथं छापण्यासारखं नाही.

लेखनिक म्हणजे परीक्षेत शेजारी बसून, विद्यार्थी तोंडी सांगेल ते उत्तर कागदावर उतरवणारा. बोर्डाचा नियम असा की लेखनिक खालच्या वर्गातला पाहिजे. म्हणजे दहावीच्या पोराला नववीचा किंवा आठवीचा. हेतू सरळ आहे. खालच्या वर्गातल्याला वरच्या वर्गाचं येत नसतं, त्यामुळं तो आपल्या मनचं लिहू शकत नाही. पण हा नियम ज्यानं केला त्यानं लातूर-नांदेड बघितलेलं नसावं. आमच्याकडं आठवीच्या सुट्टीत नववी होते, नववीत दहावी होते, आणि दहावीत पोरं नीटची, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेशाची, पुस्तकं काखोटीला मारून फिरतात. इथला नववीचा हुशार पोरगा म्हणजे बोर्डाच्या दृष्टीनं अडाणी आणि प्रत्यक्षात दहावी दोनदा संपवलेला. इथंच सगळं घोडं पेंड खातं.

पाठक सरांनी लेखनिक म्हणून आपली भाची सुचवली. सानिका. केतकीच्या आत्याची मुलगी, नववीत पहिली, क्लासचा दहावीचा अभ्यास दिवाळीआधीच पूर्ण. "घरातलीच आहे, केतकीला सवयीची आहे," सर म्हणाले. मला शंका आली, पण केतकीची आणि तिची गट्टी होती, आणि अनोळखी लेखनिकासमोर केतकीची वाचा बसली असती. मी म्हटलं, ठीक आहे, पण मी तयार करून घेईन.

लेखनिक तयार करणं हे आमच्या केंद्राचं खास काम. नियम एकच, सांगणारा सांगेल तेच लिहायचं. भारताची राजधानी उमरी म्हणाला तर उमरी. लेखनिकानं मनचा एक शब्द घातला तर शिक्षा म्हणून खालच्या नळावरून पाण्याची कळशी भरून आणायची. साध्या पोरांना हे दोन दिवसांत जमतं. पहिल्या नंबरच्या पोरीला जमता जमत नाही. पहिला पंधरवडा आमच्या केंद्राला पाणी सानिकानंच पाजलं.

एकदा केतकी उष्णतेचा धडा सांगत होती. म्हणाली, पाणी उकळायला लागल्यावरही त्याचं तापमान वाढतच जातं. सानिकानं भराभर लिहिलं आणि मग वाचून दाखवलं, "उकळताना पाण्याचे तापमान स्थिर राहते."

"स्थिर मी म्हटलं नव्हतं," केतकी म्हणाली.

"ताई, पण ते स्थिरच असतं!"

"असू दे की. मी म्हटलं नव्हतं ना?"

"मग तुझा मार्क जाईल."

"माझा जाईल. तुझा कशाला जीव खालीवर?"

सानिका कळशी घेऊन खाली गेली. केतकी फारूक सरांकडं वळली. "सर, खरंच स्थिर असतं?" सरांनी लगेच चहाचं पातेलं काढलं, त्यात पाणी उकळत ठेवलं आणि थर्मामीटर धरून पोरीला शेजारी बसवलं. पाणी अर्धं होईपर्यंत ती त्या पाऱ्याकडं बघत होती. हा प्रश्न तिला पुन्हा कधी चुकला नाही. म्हणून मी म्हणते, चूक लिहू द्यावी. लेखनिकानं ती परस्पर दुरुस्त केली असती तर पोरीला कळलंच नसतं की आपलं काही चुकलंय.

हळूहळू सानिकाही शिकली. चुकीचं लिहिताना तिचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा व्हायचा, पण लिहायची. मार्चपर्यंत दोघींची जोडी जमली होती, आणि मी निर्धास्त झाले.

परीक्षेच्या काळात पाठक सर स्वतः लातूरला पर्यवेक्षणावर, त्यामुळं ते येऊ शकले नाहीत. रोज संध्याकाळी फोन करायचे. भाषांचे पेपर छान गेले. गणितही निभावलं. विज्ञानाच्या पहिल्या पेपरला मी आणि फारूक सर नेहमीसारखे केंद्राबाहेर उभे. बाकीची पोरं बाहेर पडली. जादा वेळ संपला आणि शेवटी या दोघी आल्या. केतकीचा चेहरा पांढरा, सानिका हुंदके देतेय. मला वाटलं चक्कर आली का काय. दोघींना रिक्षात घातलं.

"काय झालं?"

"काही नाही," केतकी म्हणाली. "शेवटचे प्रश्न राहिले. वेळ पुरला नाही."

"जादा वेळ असून?"

मग सानिकाचा बांध फुटला. आदल्या रात्री मामांचा, म्हणजे पाठक सरांचा तिला फोन आला होता. विज्ञान केतकीचं कच्चं आहे, तू तिचं ऐकल्यासारखं कर आणि तुला येतं ते लिही. पोरीनं मामाचं ऐकलं. पेपरात केतकी एक वाक्य सांगायची आणि सानिका तीन लिहायची. चष्म्याच्या प्रश्नाला केतकी म्हणाली, लांबचं दिसतं आणि जवळचं दिसत नाही त्याला अंतर्गोल भिंग. सानिकानं बरोबर ते, बहिर्गोल, लिहिलं, वर आकृतीही काढली.

"तुला कसं कळलं?" मी केतकीला विचारलं. कारण कागदावरचं तिला वाचता येत नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत.

"पेन थांबतच नव्हतं, मॅडम. माझं बोलून व्हायचं आणि ही आपली लिहीतच. मी म्हटलं, वाच. तर वाचेना. रडायला लागली."

मग केतकीनं सानिकाकडून पेपर पहिल्यापासून वाचून घेतला. जे आपलं नव्हतं ते एकेक करून खोडायला लावलं. आकृतीसकट. पर्यवेक्षक बाईंना वाटलं पोरी भांडून राहिल्यात, त्या दोनदा येऊन "हळू बोला गं" म्हणून गेल्या. या सगळ्यात वेळ गेला आणि शेवटचे प्रश्न कोरे राहिले.

"अगं पण मामाच म्हणाले होते," सानिका रडत रडत म्हणाली. "ते म्हणाले, तिला कळणार नाही."

केतकी इतका वेळ रडली नव्हती. हे ऐकलं आणि तिला रडू फुटलं. "मला कळतं," ती म्हणाली. रिक्षा गुरुद्वाऱ्याच्या चौकात अडकली होती, हॉर्न वाजत होते, आणि ती पुन्हा म्हणाली, "वाचता येत नाही. कळतं मला."

फारूक सरांनी तोंड बाहेर वळवलं आणि बराच वेळ रुमाल डोळ्यांना लावून बसले.

संध्याकाळी पाठक सरांचा फोन आला तेव्हा मी चहाबिहा काही पाजला नाही.

"सर, उद्या दुसऱ्या पोराजवळ चिठ्ठी सापडली तर तुम्ही त्याला उठवता ना? त्याला काय म्हणतेत?"

त्यांना बोलायला मी जागाच ठेवली नाही.

"कॉपी म्हणतेत, सर. आणि तुम्ही ती पोरीच्या नकळत तिच्या पेपरात घातली. पकडली गेली असती तर तिची परीक्षा रद्द झाली असती. त्या लेकराचीही वाट लागली असती."

"मॅडम, मी बाप आहे."

"बाप आहात म्हणून तर बोलून राहिले. नुसते मास्तर असता तर फोन कधीच आपटला असता."

"पुन्हा नापास झाली तर काय करायचं? सांगा ना तुम्हीच. मी त्या शाळेत रोज उभा राहतो. पोरं मला विचारतेत, सर, केतकी कोणत्या कॉलेजला आहे? मी कॉलेजचं नाव सुद्धा तयार ठेवलंय." त्यांचा तो समजावणीचा गोड आवाज पार फाटला होता. "मला झोप लागत न्हाई, मॅडम."

माझा राग गेला नाही. पण त्या दिवसापासून त्यात थोडी कीव मिसळली, आणि तसला राग सांभाळायला जड जातो.

पुढचे पेपर सानिकानंच लिहिले. केतकीनंच तसं म्हटलं. "ती आता नाही करणार. आणि केलं तरी मला ऐकू येतं." सानिकानं खरंच नाही केलं. इतिहासात केतकीनं एक सन चुकीचा सांगितला, तो सानिकानं मुकाट्यानं लिहिला आणि बाहेर आल्यावर फारूक सरांपुढं जाऊन त्याचा हिशेब दिला.

निकालाच्या दिवशी आम्ही सगळ्यांना केंद्रावर बोलवतो. घरी बसून, नातेवाईकांच्या गराड्यात मोबाईलवर निकाल बघायचा नाही, हा आमचा रिवाज. का, ते ज्याच्या घरी नापास पोरगं आहे त्याला विचारा. इथं सगळे शेजारी शेजारी बसतात, प्रत्येकाचा निकाल त्याला एकट्याला बाजूला घेऊन सांगायचा, आणि तो पुढं कुणाला काय सांगायचं ते त्यानं ठरवायचं. पेढे सगळ्यांचं बघून झाल्यावर. त्या दिवशी वखारवाल्यांनीही आमच्यासाठी करवत बंद ठेवली होती. पाठक सर लातूरहून पहिल्या बसनं आले होते. इस्त्रीचा शर्ट घामानं भिजलेला.

केतकीला मी गच्चीवर नेलं. तिनं विचारलं आणि मी सांगितलं. मराठी पास, हिंदी पास, इंग्रजी पास, गणित पास, सामाजिक शास्त्रं पास. विज्ञान नापास.

"इंग्रजी पण?" तिनं विचारलं.

"इंग्रजी पण."

ती गच्चीच्या कठड्याला टेकून उभी राहिली. मला वाटलं, आता कोसळेल. ती म्हणाली, "बाबांना मी सांगते."

आत येऊन तिनं बापाच्या समोर बसून सगळे विषय एकेक करून सांगितले, विज्ञानासकट. सर गणिताचे मास्तर. त्यांनी मनात हिशेब केला असणार, कारण पहिलं वाक्य निघालं ते असं, "ते खोडलं नसतं तर निघाला असता गं विषय."

"हो. पण तो सानिकाचा निघाला असता," केतकी म्हणाली. "हे पाच माझे आहेत, बाबा."

सर मग सावरून, आवाज खाली घेऊन बोलायला लागले. "बरं, ऐक. काही बिघडलं नाही. एका विषयाला एटीकेटी मिळते. इथंच अकरावीला टाकू. विज्ञान गुपचूप देऊन टाक. कुणाला कळायचं न्हाई. आपण तसंही कॉलेजच सांगितलेलं आहे, तर..."

"मी आज घरी येते," केतकी म्हणाली.

"अगं, पण आता कसं..."

"आज येते. सॅक भरून आत्याकडं ठेवलीय. पास झाले असते तरी आजच येणार होते, नापास झाले असते तरी आजच येणार होते. मला आता राहवत नाही इथं." तिचा आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. "आत्या चांगली आहे. मॅडम चांगल्या आहेत. पण माझं घर लातूरला आहे ना, बाबा?"

"लोकांना काय सांगायचं?"

"एक विषय राहिलाय म्हणून सांगा."

पाठक सरांनी माझ्याकडं बघितलं. मी आयुष्यभर अशा वेळी तोंड घालत आले. त्या वेळी मात्र फारूक सरांनी माझा हात असा दाबला की मी गप्प बसले. खोलीतली बाकीची पोरं आपापले निकाल विसरून या बापलेकीकडं बघत होती. त्यातली दोघं तर याच सरांचा चहा प्यायलेल्या घरची होती. सर उठले, पेढ्यांचा पुडा उघडला, सगळ्यांना एकेक दिला, स्वतः घेतला नाही. मग म्हणाले, "दोनची बस मिळेल. चल." आणि तिची पाण्याची बाटली उचलून जिना उतरले.

पुढचं आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचकांचा जीव टांगणीला. जुलैत केतकी विज्ञानात पास झाली, फारूक सरांच्या आठवीतल्या पुतण्याला लेखनिक घेऊन. त्याला विज्ञानाचा गंध नव्हता. पाठक सर पार बदलून गेले, असंही काही झालं नाही. शाळेचा हुकूम आला की ते अजूनही पालकांना बोलावतात, चहा पाजतात आणि सतरा नंबर समजावून सांगतात. नोकरी आहे, हप्ते आहेत. फरक एवढाच की हल्ली ते पालकांना आमच्या लातूरच्या केंद्राचा पत्ता देतात. यावर समाधान मानायचं की नाही, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

पण निकालाच्या त्या दिवशी रात्री मी स्वयंपाकघरात भाकरी करत होते आणि केतकीचा फोन आला. तिला नीट बोलता येत नव्हतं. मी घाबरले, तवा उतरवला.

"काय झालं गं? बाबा रागावले?"

"नाही मॅडम. आम्ही आलो ना, तर खालच्या मजल्यावरच्या काकू दारातच होत्या. म्हणाल्या, काय गं, अकरावीची सुट्टी संपत आली की, आणि आता आलीस होय?"

"मग?"

"मी काही बोलणार होते. तर बाबाच बोलले. जिन्यात उभं राहून. वरच्या मजल्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. म्हणाले, अकरावीला नव्हती वहिनी ती, मी खोटं सांगितलं होतं. दहावीला बसली होती. पाच विषय काढले तिनं, एक राहिला."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते चुलीच्या धुराचं म्हणायलाही जागा नव्हती, घरी गॅस आहे. "काकू काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"काही नाही. म्हणाल्या, मग आता परत नांदेडला का?" एवढं बोलून ती पुन्हा रडायला लागली. "तर बाबा म्हणाले, नाही. आता घरीच राहील."